ट्रॅक्टरचं ऑइल-फिल्टर घरी बदला, सांडलवंड न करता



ट्रॅक्टरच्या निगेवर कार्यक्रमात बोलणं झालं, त्यानंतर आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसली. "ऑइल बदलायला जमतं हो, पण अंगण काळं होतं आणि घरात बोलणी खावी लागतात." बोलण्यावर भागलं तर बरं म्हणायचं. एका श्रोत्यानं लिहिलंय, की विहिरीच्या वरच्या अंगाला ट्रॅक्टर लावून ऑइल काढलं, उचलताना घमेलं कलंडलं आणि पहिल्या पावसात विहिरीवर रंगीत तवंग आला. गुरांनी त्या पाण्याला तोंड लावलं नाही. घरातल्या बायकांना कितीतरी दिवस लांबून पाणी आणावं लागलं. कार्यक्रमात वेळ अपुरा पडला होता, म्हणून इथं जरा सविस्तर सांगतो.

आधी फिल्टरचं काम समजून घ्या. डब्याच्या आत चुण्या पाडलेला कागद असतो. पंप ऑइलला त्या कागदातून दाबून पाठवतो आणि काजळी, लोखंडाचा बारीक कीस, धूळ तिथं अडते. चहाच्या गाळणीसारखंच. गाळणी चोंदली तर चहा अडतो, पण इंजिनात ऑइल अडून चालत नाही, म्हणून तिथं एक झडप असते. कागद चोंदला की ती उघडते आणि घाण ऑइल न गाळताच बेअरिंगकडं जातं. ट्रॅक्टर चालतच राहतो, आपल्याला काही कळत नाही, आणि आत झीज सुरू होते. म्हणून ऑइल नवं आणि फिल्टर जुना, ही काटकसर महागात पडते. कागदी फिल्टर डिझेलमध्ये धुऊन परत बसवणारेही आहेत. तसं अजिबात करू नका.

बदल किती तासांनी करायचा ते कंपनीच्या पुस्तिकेत असतं. बऱ्याच ट्रॅक्टरांना २५० तास, आणि नवा असेल तर पहिल्या वेळी ५० तास. ३५ ते ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमध्ये साधारण ६ ते ८ लिटर ऑइल बसतं. एवढं ऑइल उथळ घमेल्यात काढायचं आणि ते भरलेलं घमेलं दोन हातांनी उचलायचं, इथंच निम्मी सांडलवंड होते. त्यापेक्षा १५-२० लिटरचा जुना प्लॅस्टिक कॅन घ्या. तोंड वरच्या बाजूला राहील असा आडवा ठेवा आणि वर आलेली रुंद बाजू कापून काढा. झालं पसरट भांडं. काम संपल्यावर कॅनच्या तोंडातूनच नरसाळ्यात ओतता येतं. कॅन औषधफवारणीचा नको, आणि एकदा ऑइलला वापरला की दुसऱ्या कशाला वापरायचा नाही.

जागा सपाट असावी, आणि विहीर, हौद, गोठा यांपासून लांब. खाली प्लॅस्टिकचा कागद, त्यावर गोणपाट टाका. हँडब्रेक लावा, चाकांना दगड लावा, किल्ली काढून खिशात घाला. इंजिन आधी पाच-दहा मिनिटं चालवून कोमट करावं. थंड ऑइल दाट होतं आणि घाण आतच बसून राहते. मात्र दिवसभर नांगरणी करून आल्या आल्या नट खोलू नका. एकदा मी ती घाई केली होती, मनगटावर डाग अजून आहे.

आता चेंबरच्या तळाचा नट. पान्यानं फक्त ढिला करा, पुढं हातानं फिरवा. फिरवताना नट वर दाबून धरायचा. आटे संपले असं वाटलं तरी दाब सोडू नका, मग एकदम बाजूला ओढून घ्या. असं केलं तर हातही माखत नाही आणि नट भांड्यातही पडत नाही. नट आडवा बसवलेला असेल तर सुरुवातीला धार लांब पडते, ऑइल कमी होईल तशी जवळ येते, तेव्हा भांडं सरकवत राहा. शेवटची बारीक धार वाऱ्यानं उडते, तिकडं गोणपाटाचा आडोसा धरा. वरचं झाकण उघडून वीस मिनिटं निथळू द्या. तोवर चहा घ्या. नट परत लावताना वायसर दबलेला असेल तर नवा घाला.

खरी घाण होते ती फिल्टर काढताना, कारण तो भरलेला असतो. फिल्टर ढिला करण्याआधीच त्याच्यावर खालून जाड प्लॅस्टिकची पिशवी चढवा, आणि पिशवीसकट फिरवा. ओघळ पिशवीतच राहतो. आडव्या फिल्टरखाली डब्याचा पत्रा वाकवून पन्हळ लावा. हात घसरत असेल तर चेन पाना घ्या. पेचकस आरपार ठोकून फिरवण्याची युक्ती काहीजण करतात, पण पत्रा फाटला तर सगळं ऑइल अंगावर.

जुनी रबरी रिंग फिल्टरबरोबर निघाली का ते बोट फिरवून बघा. ती वरच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली, तर इंजिन चालू होताच ऑइलचा फवारा उडतो. बसायची जागा चिंधीनं पुसा, नव्या रिंगेला बोटानं नवं ऑइल लावा आणि फिल्टर हातानं बसवा. रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा पुरे. पान्यानं आवळू नका. काही जुन्या ट्रॅक्टरांत भांड्यात कागदी फिल्टर असतो आणि मधे लांब बोल्ट. तिथं भांडं सरळ धरून उतरवा, आतून पुसा आणि रिंग नवी घाला.

नवं ऑइल भरा, इंजिन मंद गतीवर सुरू करा. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद करा. गळती नाही ना बघा, मग इंजिन थांबवून थोड्या वेळानं गेजची पट्टी पाहा. नव्या फिल्टरनं थोडं ऑइल घेतलेलं असतं, तेवढं भरून काढा. वरच्या खुणेच्या पुढं मात्र जाऊ नका.

तरीही सांडलंच, तर पाणी ओतू नका. राख किंवा लाकडाचा भुसा टाका, शोषला की गोळा करून पोत्यात भरा. उकिरड्यावर गेला तर तो खतातून शेतात येतो. हाताला आधी थोडं गोडं तेल चोळून मग साबण लावा. पेट्रोल किंवा रॉकेलनं हात धुऊ नयेत.

राहिलं जळकं ऑइल. गोचीड मरतात म्हणून ते गुरांच्या अंगाला चोळतात, ते बंद करा. त्यात धातूचे कण आणि कातडीला घातक द्रव्यं असतात, आणि जनावर अंग चाटतं. खायच्या तेलाच्या डब्यात भरून ठेवू नका, पोरंबाळं घरात असतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर 'जळकं ऑइल' असं मोठ्या अक्षरांत लिहा. परवाना असलेले कारखाने असं ऑइल शुद्ध करून पुन्हा वापरात आणतात, आणि १ एप्रिल २०२४ पासून त्यातला ठरावीक वाटा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवर आली आहे. तेव्हा ऑइल घेतलेल्या दुकानात किंवा सर्व्हिस सेंटरात, जुनं परत घेता का, असं बेलाशक विचारा. जुना फिल्टरही कॅनवर रात्रभर पालथा निथळू द्या आणि त्यासोबतच द्या.

मीटरवरचे तास आणि तारीख डायरीत लिहा, म्हणजे पुढच्या वेळी अंदाजानं सांगावं लागणार नाही.