शासकीय आर्थिक आकडेवारी आणि प्रकाशनपूर्व गोपनीयता

पीकपाणी, महागाई, रोजगार यांविषयी शासन जी आकडेवारी प्रसिद्ध करते ती सार्वजनिक संपत्ती होय. मग प्रसिद्धीपूर्वी ती कडेकोट बंदोबस्तात का ठेवावी लागते, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. ही गोपनीयता आकडा दडविण्यासाठी नसते. तो सर्वांना एकाच क्षणी मिळावा, यासाठी असते. हा भेद समजून घेण्याच्या दृष्टीने अमेरिकेच्या कृषी खात्याचा अनुभव विशेष उद्बोधक आहे.

१९०५ साली या खात्यातील एडविन होम्स या सांख्यिकी अधिकाऱ्याने कापसाच्या पिकाचे अंदाज प्रसिद्धीपूर्वीच सट्टेबाजांना पुरविल्याचे उघडकीस आले. कचेरीच्या खिडकीचा पडदा वरखाली करून तो बाहेरील हस्तकांना खूण करीत असे, असे सांगितले जाते. पिकाचा अंदाज घटला की भाव चढत, वाढला की उतरत. त्यामुळे आधी हाती आलेला एक आकडा म्हणजे जवळजवळ हमखास नफा. तोटा मात्र अंधारात राहिलेल्या उत्पादकाच्या व व्यापाऱ्याच्या माथी येई. दक्षिणेकडील कापूस उत्पादकांच्या तक्रारीवरूनच या प्रकरणाची चौकशी झाली, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

पुढे न्यायालयात एक मार्मिक मुद्दा पुढे आला. सरकारी तिजोरीतून एक पैही गेली नसताना सरकारची फसवणूक झाली असे कसे म्हणता येईल, असा आरोपीच्या बाजूने युक्तिवाद करण्यात आला. १९१० साली ‘हास विरुद्ध हेंकेल’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. शासनाच्या एखाद्या खात्याचे विधिमान्य कार्य विफल करण्यासाठी रचलेला कट हीदेखील शासनाची फसवणूकच, असा या निर्णयाचा आशय आहे. आकडेवारीच्या विश्वासार्हतेला स्वतंत्र मूल्य आहे, याची ही कायदेशीर कबुलीच म्हणावी लागेल.

या प्रकरणानंतर अंतिम अंदाज निश्चित करण्याचे काम एका व्यक्तीकडे न ठेवता मंडळाकडे सोपविण्यात आले आणि कालांतराने ‘लॉक-अप’ची पद्धत रूढ झाली. बाजारभावावर परिणाम करू शकणाऱ्या पिकांसाठी प्रमुख उत्पादक राज्यांची माहिती टपालाने येत असे त्या काळी ती दोन कुलुपांच्या पोलादी पेटीत ठेवली जाई आणि दोन्ही किल्ल्या वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असत. आता ती सांकेतिक स्वरूपात संगणकाद्वारे येते. परंतु कोणा एकाच्या हाती सर्व काही असू नये, हे तत्त्व कायम आहे. अहवालाच्या दिवशी वॉशिंग्टनमधील मुख्यालयाचा एक भाग बाहेरच्या जगापासून तोडला जातो. दारावर पहारा बसतो, दूरध्वनी बंद होतात, भ्रमणध्वनी बाहेर ठेवावे लागतात आणि खिडक्यांचे पडदे ओढून मोहोरबंद केले जातात. होम्स इतिहासजमा झाला, पण पडद्याचा धडा खाते विसरलेले नाही! एकदा आत गेलेला कर्मचारी ठरलेली वेळ होईपर्यंत बाहेर येऊ शकत नाही. कृषिमंत्र्यांनाही अंतिम आकडे पाहून स्वाक्षरी करण्यासाठी याच दालनात यावे लागते.

तंत्रज्ञानाने मात्र नवीच फट निर्माण केली. पत्रकारांनाही बंद दालनात आगाऊ अहवाल दिला जाई, म्हणजे ठरलेल्या वेळी बातमी बिनचूक जावी. त्यांच्या वेगवान वाहिन्यांमुळे त्यांच्या ग्राहकांना सामान्य वाचकाहून सुमारे दोन सेकंद आधी आकडे मिळू लागले. संगणकच सौदे करतात त्या बाजारात दोन सेकंद पुष्कळ झाले. म्हणून ऑगस्ट २०१८ पासून कृषी खात्याने ही सवलत बंद केली. दुसरीकडे निव्वळ अनवधानही तितकेच घातक ठरते. अमेरिकेच्या श्रमसांख्यिकी विभागाने नोव्हेंबर १९९८ मध्ये रोजगाराचे आकडे चुकून एक दिवस आधी संकेतस्थळावर टाकले होते. मे २०२४ मध्ये ग्राहक किंमत निर्देशांकाच्या काही फायली अर्धा तास आधी उघड झाल्या. येथे कोणी खूण केली नव्हती, की कोणी लाच घेतली नव्हती.

ज्यांना आकडा आधी कळणे नियमानुसारच आहे, त्यांना कुलूप कसे घालावे, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. १ जून २०१८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी रोजगाराच्या आकड्यांची आपण वाट पाहत आहोत, असे प्रसिद्धीच्या तासाभराहून अधिक आधी ट्विटरवर लिहिले. आदल्या संध्याकाळीच त्यांना ते कळविण्यात आले होते. त्यांनी एकही आकडा दिला नव्हता. तरी रोखेबाजाराने घ्यायचा तो अर्थ घेतला. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने तर जुलै २०१७ पासून आपल्या आकडेवारीबाबत मंत्र्यांना व अधिकाऱ्यांना मिळणारी अशी पूर्वसूचनाच थांबविली.

भारतात अर्थसंकल्पाची गुप्तता आणि त्याच्या छपाईपूर्वीचा हलवा सर्वांना परिचित आहे. आकडेवारीच्या वेळापत्रकाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. प्रमुख निर्देशांक कोणत्या दिवशी व किती वाजता प्रसिद्ध होणार, हे आधीच घोषित केलेले असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्राहक किंमत निर्देशांकाची वेळ सायंकाळी साडेपाचऐवजी चार करण्यात आली, तीही पूर्वघोषणा करूनच. या शिस्तीचे महत्त्व ती मोडते तेव्हा कळते. २०१७-१८ च्या श्रमबल सर्वेक्षणाचा अहवाल राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने मान्य करूनही तो प्रसिद्ध झाला नाही. जानेवारी २०१९ मध्ये आयोगाचे कार्यवाहक अध्यक्ष पी. सी. मोहनन व सदस्या जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले आणि त्याच महिन्यात ६.१ टक्के बेरोजगारीचा आकडा वृत्तपत्रातून फुटला. अहवाल अधिकृतपणे बाहेर आला तो लोकसभा निवडणुकीनंतर, ३१ मे २०१९ रोजी, आणि त्यातही आकडा तोच होता. कुलूप येथेही होते. ते कधी उघडायचे, याची वेळ मात्र ठरलेली नव्हती.