आचऱ्याचे अच्युत कानविंदे

गुजरातेत मेहसाण्याची दूधसागर डेअरी पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा दुधाचा कारखाना असेल असं वाटतच नाही. उघड्या काँक्रीटची भलीमोठी इमारत आणि छपरावर उंच चौकोनी मनोऱ्यांची दाटी. यातला एकही मनोरा शोभेचा नाही. आत दूध तापतं, उकाडा वाढतो. हलकी झालेली गरम हवा वर चढते आणि या मनोऱ्यांतून बाहेर पडते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही डेअरी उभारणारे वास्तुविशारद होते अच्युत कानविंदे.

त्यांचा जन्म १९१६चा, कोकणातल्या आचऱ्याचा. वडील चित्रकलेचे शिक्षक. मुंबईच्या जे. जे.मध्ये क्लॉड बॅटली यांच्या हाताखाली शिकून ते १९४५मध्ये हार्वर्डला गेले. तिथे गुरू भेटले वॉल्टर ग्रोपियस, जर्मनीतल्या बाउहाउसचे संस्थापक. काम काय आहे ते ओळखा आणि त्यातूनच इमारतीचं रूप येऊ द्या, ही आधुनिक वास्तुकलेची शिकवण घेऊन कानविंदे १९४७मध्ये परतले. नव्या देशाला प्रयोगशाळा हव्या होत्या. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत ते त्याच कामाला लागले. अहमदाबादची ‘अटिरा’ ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था या सुरुवातीच्या काळातली. तिच्यावर हार्वर्डची छाप स्वच्छ दिसते.

पुढे मात्र इथल्या उन्हाने त्यांची वास्तुकला बदलली. १९५५मध्ये शौकत राय यांच्यासोबत त्यांनी दिल्लीत स्वतःचं काम सुरू केलं, आणि काही वर्षांतच कानपूरच्या आयआयटीचा अख्खा परिसर त्यांच्याकडे आला. काँक्रीटचा सांगाडा, मधे उघड्या विटा. वाहनांचे रस्ते बाजूला ठेवून वर्ग, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा त्यांनी छत असलेल्या उंच मार्गिकांनी जोडल्या. कानपूरच्या मे महिन्यात ऊन डोक्यावर न घेता एका विभागातून दुसऱ्यात जाता येणं ही केवढी सोय! जाता-येता दोन विभागांची माणसं एकमेकांना भेटतात, तीही याच सावलीत.

१९७४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अगदी उतारवयात त्यांनी दिल्लीचं इस्कॉन मंदिरही बांधलं. तरीही मेहसाण्याची डेअरीच त्यांचं सर्वांत धीट काम म्हणावं लागेल. कारखान्याच्या इमारतीवर एवढा विचार खर्च करणारे तेव्हा फार नव्हते.

चार्ल्स कोरिया किंवा बाळकृष्ण दोशी यांची नावं मराठी वाचकाला ऐकून तरी माहीत असतात. कानविंद्यांचं नाव तेवढं कानावर पडत नाही, याची खंत वाटते. कारण वरळीच्या ज्या नेहरू विज्ञान केंद्रात शाळांच्या सहली जातात, तेही त्यांचंच काम आहे.