मीटर कोणाच्या नावावर?

2011च्या जनगणनेनुसार देशात 67.2 टक्के घरांत विजेचा दिवा होता; अनुसूचित जातींच्या 59, तर जमातींच्या 51.7 टक्के घरांत. तारा आता बहुतेक ठिकाणी पोहोचल्या, पण भेद मीटरपाशी उरला. हरियाणातील मानेसरच्या औद्योगिक वसाहतीभोवती अलियर, कासनसारख्या गावांत परप्रांतीय कामगार भाड्याने राहतात. वीजजोडणी घरमालकाची, कामगाराकडे फार तर उपमीटर. अनेक खोल्या एका मीटरवर आल्या की कमी वापराचा स्वस्त दर हुकतो. हा प्रश्न जातीचा नव्हे, भाडेकरूंचा, असे कोणी म्हणेल. अंशतः खरे, मात्र गाव सोडणाऱ्यांत भूमिहीन पुष्कळ, आणि जमिनीची वाटणी जातीने आधीच केलेली. गॅसजोडणीसाठी केंद्राच्या ‘उज्ज्वला 2.0’ योजनेने 2021मध्ये स्थलांतरितांचे पत्त्याबाबतचे स्वघोषणापत्र ग्राह्य धरले. वीजमीटरलाही तीच सवलत हवी.