सातबाराचे स्थलांतर आणि त्याची पडताळणी

शेतकऱ्याच्या दृष्टीने सातबारा म्हणजे पूर्वी तलाठ्याच्या दप्तरातील हस्तलिखित पान. पुढे ही पाने संगणकात भरण्यात आली आणि ई-फेरफार पद्धतीत तो सर्व मजकूर तालुक्याच्या संगणकावरून राज्याच्या मध्यवर्ती सर्व्हरवर नेण्यात आला. अनेक कचेऱ्यांना एकाच वेळी माहिती पुरविणाऱ्या मुख्य संगणकास सर्व्हर म्हणतात.

जुन्या कोठीतील बियाणे नव्या कोठीत ओतताना दाणा न् दाणा आला, पण पोत्यास बांधलेली चिठ्ठी मागे राहिली, तर पेरणीच्या वेळी वाण ओळखता येत नाही. माहितीचेही तसेच आहे. नोंदींबरोबर त्यांची व्यवस्थाही हलवावी लागते. गावाचा संकेतांक, नोंद घेण्याचा तलाठ्याचा अधिकार, ती प्रमाणित करण्याचा मंडळ अधिकाऱ्याचा अधिकार, हे सारे नव्या जागी पुन्हा जुळावे लागते. शिवाय जुन्या संगणकांत मराठी अक्षरे साठविण्याच्या पद्धती निरनिराळ्या होत्या. त्या युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे बिघडण्याचा संभव असतो.

मात्र पुष्कळशा चुका यंत्राच्या नसून मुळात भरतानाच्या असतात, आणि यंत्र त्या इमानाने पुढे नेते. उदाहरणार्थ, 1 हेक्टर 60 आरच्या गटात तीन भावांचे 60, 50 व 50 आर आहेत. धाकट्याचे 50 ऐवजी 5 आर पडले, तर बेरीज 1 हेक्टर 15 आर येते. ही बेरीज प्रत्येकास घरी करता येते. इतर हक्कातील नोंद गळली, तर मात्र बेरजेने ती कळत नाही. साक्री भागात कांदा विहिरीच्या पाण्यावर उभा राहतो. सामाईक विहिरीतील हिस्सा नव्या उताऱ्यावर उतरला नाही, तर वाटण्या झाल्यावर भाऊबंदकीत त्याचा प्रश्न उभा राहतो.

याच कारणाने 2017 मध्ये गावोगाव चावडीवाचन करण्यात आले. त्या वेळी जे शेतकरी बाहेरगावी होते, त्यांनी आताही हस्तलिखित उताऱ्याची नक्कल तहसील कचेरीतील अभिलेख कक्षातून मिळवावी आणि नव्या उताऱ्याशेजारी ठेवून नाव, क्षेत्र, पोटखराबा, फेरफार क्रमांक व इतर हक्क ओळीने ताडून पाहावेत. आधारपत्रावरील नाव व उताऱ्यावरील नाव यांत फरक असल्यास शेतकरी ओळख क्रमांक काढताना अडचण येते. 2025 पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी हा क्रमांक लागतो.

लेखनप्रमाद आढळल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 155 अन्वये तहसीलदारांकडे अर्ज करावा. जुन्या उताऱ्याची व संबंधित फेरफाराची नक्कल सोबत जोडावी. हे कलम केवळ लिहिण्यातील चुकीकरिता आहे. मालकीचा वाद त्यातून मिटत नाही, हे ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी अर्जदारास आधीच सांगावे. नाहीतर त्याचे हेलपाटे व्यर्थ जातात. दुरुस्तीचा आदेश झाल्यावर त्याचा फेरफार प्रमाणित होईपर्यंत उतारा बदलत नाही. म्हणून फेरफार क्रमांक विचारून घ्यावा व त्यानंतरच नवा उतारा काढावा.