गाईडात नसलेलं मत

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्यावरच्या आकलनाच्या कृती संपल्या की शेवटी स्वमताची कृती येते. पाठातल्या अमुक विचाराबद्दल तुम्हाला काय वाटतं ते लिहा, अशी. हेतू चांगलाच आहे. पाठांतराची सद्दी संपावी म्हणून तर प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. पण शाळेशेजारच्या कुठल्याही दुकानात मिळणारं गाईड उघडलं, की त्यात या कृतीचंही उत्तर छापून तयार असतं. मुलं ते पाठ करतात, उतरवतात आणि गुण घेतात. यात मुलांची लबाडी आहे असं मला वाटत नाही. ज्या पाठाबद्दल काय वाटायला हवं हे गुरुजींना, परीक्षकाला आणि घरच्यांना आधीच ठाऊक आहे, त्याबद्दल आपलं निराळं मत मांडून हातचे गुण घालवायला कोण तयार होईल? भोर आणि वेल्ह्यातल्या (कागदोपत्री आता राजगड तालुका) चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना स्वतःची मतं नसतात, हा समज मात्र यातूनच पसरतो. मतं असतात, भरपूर असतात. ती पाठ्यपुस्तकावर नसतात एवढंच. ती असतात भुताखेतांच्या, जादूच्या, गूढ गोष्टींवर. माझं म्हणणं त्यापुढे एक पाऊल जाणारं आहे. वाचलेल्या गोष्टीवर मत बनवणं, ते समोरच्याला पटवणं आणि पटलं नाही तर भांडणं हे या वयात शिकायचं असेल, तर मोठ्यांनी टाकाऊ ठरवलेली हीच पुस्तकं सगळ्यांत कामाची आहेत.

कारण सरळ आहे. या पुस्तकांचं बरोबर उत्तर कुणाकडेच नसतं. त्स्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकानं १९७० साली अद्भुत साहित्यावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं अद्भुताची जागा वाचकाच्या दुविधेत दाखवली. घडलं ते खरोखर अमानवी होतं, की भास होता, की कुणाची करणी, हे ठरत नाही तोवरच अद्भुत टिकतं. ठरलं की गोष्ट दुसऱ्या प्रकारात जमा होते. वाचक दोन असले की या दुविधेचे दोन पक्ष होतात. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. धारपांच्या बऱ्याच गोष्टींत अमंगळ शक्ती खरीच असते आणि समर्थ या त्यांच्या पात्रासारखा जाणकार तिच्याशी झुंजतो. मतकरी आपल्या गोष्टींना गूढकथा म्हणत, आणि त्यांतलं भय पुष्कळदा माणसाच्या मनातून, त्याच्या अपराधातून उगवतं. यांतलं जास्त भीतिदायक कोणतं? एका मुलीला बाहेरून येणाऱ्या भुताची भीती वाटेल, दुसरीला माणसाची. दोघींनाही आपापल्या बाजूनं कथेतला प्रसंग काढून दाखवावा लागेल, आणि समीक्षेची सुरुवात तिथेच होते. तिला रसग्रहण म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका.

या दोन तालुक्यांत हा वाद मुलांना नवा नाही, हे तर सोन्याहून पिवळं. तोरण्यावरच्या मेंगाईच्या देवळात रात्री राहू नये, तिथे ब्रह्मपिशाच्च आहे, असं सांगतात. आणि ट्रेकर मंडळी वर्षानुवर्षं त्याच देवळात पथारी टाकून सकाळी उठून चहा करत आली आहेत. पाणवठ्यावर साती आसरा असतात, रानात चकवा लागतो आणि माणूस रात्रभर त्याच झाडाभोवती फिरत राहतो, वाघजाई वाट राखते. भाटघर धरणाचं पाणी उन्हाळ्यात ओसरलं की कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं आणि पाऊस लागला की पुन्हा बुडतं, हे तर भूगोलातलं खरं, पण ऐकताना गोष्टीसारखंच. खरं की खोटं, कुणी पाहिलं, कुणी ऐकलं, ही हुज्जत इथली मुलं लहानपणापासून ऐकतात आणि करतातही. फक्त पुस्तकाशी तिची गाठ कुणी घालून दिलेली नसते. घालून द्यायला फार लागत नाही. तोरण्याची डागडुजी करताना धन सापडलं आणि ते राजगडाच्या बांधकामी लागलं, ही हकीकत वेल्ह्यात शेंबड्या पोरालाही पाठ असते. २०१८ चा 'तुंबाड' हा सिनेमा मोबाइलवर पुष्कळांनी पाहिलेला असतो, आणि त्यामागे धारपांच्या 'आजी' या कथेची प्रेरणा आहे. एका गोष्टीत पुरलेलं धन निघतं आणि त्यातून राज्याची राजधानी उभी राहते. दुसरीत ते काढायला जाणारा हावेपायी संपतो. गुप्तधन वाईट, की काढणाऱ्याचा हेतू वाईट? हा प्रश्न नववीच्या वर्गात टाकला तर तास पुरणार नाही, आणि त्याचं उत्तर कुठल्याही गाईडात नाही.

मोठ्यांचा या पुस्तकांवरचा राग फार जुना आहे. मराठी कादंबरी सुरुवातीच्या काळातच अद्भुताच्या हातात हात घालून चालू लागली. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेलं अरबी सुरस कथांचं भाषांतरही त्याच काळातलं. पुढे नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ साली आली आणि पोरांच्या कित्येक पिढ्यांनी ती अंथरुणात, माळ्यावर, गणिताच्या वहीखाली वाचली. हे नाथमाधव सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून कोसळून कमरेखाली लुळे झाले होते, आणि त्यानंतर वाचन-लेखन हेच त्यांचं हिंडणं-फिरणं झालं. वेल्ह्याच्या वाटेवरून रोज दिसणारा तोच गड. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांचं तेच झालं; वाचायच्या सगळ्यांनी, कबूल कुणी करायचं नाही. या चोरून वाचण्याचा एक परिणाम फारसा कुणी मोजलेला नाही. पोरं वाचत होती, आपसांत बोलतही होती, पण त्या बोलण्याला मोठ्यांच्या लेखी किंमत नव्हती. त्यामुळे आपलं आवडतं पुस्तक नीट, कारणं देऊन दुसऱ्याला पटवायचं कसं, हे शिकायची संधी ज्या पुस्तकांत होती तिथेच ती हुकत गेली.

आता आक्षेप, आणि त्यातला सगळ्यांत वजनदार आधी. ज्या भागात आजारी माणसाला दवाखान्याआधी देवऋषाकडे नेलं जातं, तिथे पोरांच्या हातात भुताची पुस्तकं देणं म्हणजे आगीत तेल नव्हे का? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. भोरहून वाईकडे जाताना लागणाऱ्या मांढरदेवच्या डोंगरावर झाडांना ठोकलेल्या काळ्या बाहुल्या आणि लिंबं लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली आहेत. ज्यांनी या सगळ्याविरुद्ध हयात घालवली त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, आणि मग त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. पण हा कायदा नेमकं काय रोखतो ते पाहावं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, अमानुष वागणूक, चमत्काराच्या नावानं फसवणूक आणि लूट, हे तो रोखतो. गोष्ट सांगण्यावर त्यात बंदी नाही, आणि ते योग्यच आहे. ओट्यावर सांगितलेलं भूत आणि छापलेलं भूत यांत मोठा फरक आहे. ओट्यावरचं भूत 'माझ्या मामानं पाहिलं' या आधारावर उभं असतं. शंका घेतली तर मामाचा अपमान होतो, म्हणून शंका गिळावी लागते. पुस्तकातल्या भुताला मामा नसतो. त्याला लेखक असतो, आणि लेखकाला टोकता येतं. पहिल्या प्रकरणात हे भूत उंबरा ओलांडू शकत नव्हतं, मग सातव्यात घरात आलं कसं? असं विचारणारा मुलगा भुतावर विश्वास ठेवायचं सोडेलच, असा दावा मी करणार नाही. भयकथा वाचून कुणी विवेकवादी होत नसतो. पण भय कसं रचलं जातं, दिवा कधी विझवला जातो, कुत्रं कधी रडवलं जातं, हे ज्यानं मित्रांबरोबर उसवून पाहिलं आहे, त्याच्यासमोर अंगारा फुंकणाऱ्याला थोडे जास्त कष्ट पडतील, इतकं मानायला हरकत नसावी.

दुसरा आक्षेप अभिरुचीचा. धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून बेतलेली, निम्मा माल उसना, भाषा बेतास बात; यातून काय शिकणार? उसनं आहे हे खरं, आणि चर्चेला तेच उत्तम खाद्य. अमेरिकेतल्या गावातला रक्तपिपासू मराठी गावात आणताना लेखकाला काय काय बदलावं लागलं असेल, क्रूसाच्या जागी काय येईल, हे पोरांना विचारून तर पाहा. वाईट पुस्तक ओळखायलाही आधी चार वाईट पुस्तकं वाचावी लागतात. शिवाय नुसती चांगली पुस्तकं वाचलेल्याचं 'छान आहे' हे मत कशाच्या तुलनेत, हे त्याला तरी कुठे ठाऊक असतं?

तिसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२३ च्या ग्रामीण अहवालात १४ ते १८ वयोगटातल्या सुमारे २५ टक्के मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरही सलग वाचता आला नाही. आकडा देशभरातल्या निवडक जिल्ह्यांचा आहे, पण डोंगरातल्या तालुक्यांनी त्यातून आपल्याला वगळावं असं काही दिसत नाही. आधी वाचता येऊ द्या, मतं मग बघू, असं कुणी म्हणेल. हा क्रम मला उलटा वाटतो. अडखळत वाचणाऱ्या पोराला पान उलटायला लावणारं काही लागतं, आणि पुढे काय झालं याची ओढ भयकथेइतकी दुसऱ्या कशात क्वचितच असते. एकानं मोठ्यानं वाचायचं आणि चौघांनी ऐकून वाद घालायचा, यालाही काही हरकत नाही. आपल्याकडे पोथी अशीच वाचली गेली आहे. पुस्तकं कुठून आणायची, ही अडचण खरी आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळालं, पण लहान वाचनालयात आज मुख्य वर्दळ वर्तमानपत्राची आणि स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांची. कुमारांचं कपाट असलंच तर चरित्रांनी भरलेलं. बालभारतीनं मात्र नोव्हेंबर १९७१ पासूनचे 'किशोर'चे जुने अंक संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत, आणि मोबाइल तर घरोघरी पोचलाच आहे.

राहता राहिली चर्चा घ्यायची पद्धत, आणि इथे शाळेनं जरा मागे सरायला हवं. एडन चेंबर्स हे ब्रिटिश लेखक शिक्षकही होते. मुलांशी पुस्तकांबद्दल कसं बोलावं यावर त्यांनी १९९३ साली 'टेल मी' हे पुस्तक लिहिलं. त्यांचे मूळ प्रश्न चारच : काय आवडलं, काय आवडलं नाही, काय कळलं नाही, आणि कुठे काही पुन्हा पुन्हा येताना, जुळताना दिसलं का. 'का?' हा प्रश्न ते टाळत, कारण तो कानावर पडला की मुलाला उलटतपासणी सुरू झाल्यासारखं वाटतं. या चारांत तात्पर्य कुठेच नाही, हे आपल्याकडच्या शिक्षकांना बोचेल. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी होणाऱ्या कार्यक्रमांत पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक आणि 'यातून मिळालेला बोध' असा साचा सर्रास चालतो. त्यात 'कळलं नाही' असं लिहायला रकानाच नसतो. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी वाचकाचे जे दहा हक्क १९९२ मध्ये सांगितले, त्यांत पुस्तक अर्धवट सोडण्याचाही हक्क आहे. नसरापूरच्या किंवा विंझरच्या एखाद्या शाळेनं या १५ ऑक्टोबरला तेवढा एकच हक्क पोरांना द्यावा. पुस्तक कितव्या पानावर सोडलं आणि तिथे काय बिनसलं, एवढंच त्यांनी उभं राहून सांगायचं. त्याच पुस्तकाचा चाहता वर्गात असेलच; तो गप्प बसणार नाही.