शास्त्रज्ञाच्या शेजारची खुर्ची

"तू तिकडे विलायतेत करतेस तरी काय?" दादरच्या आत्याबाईंनी हा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या पानात तिसरी पुरणपोळी पडत होती, त्यामुळे उत्तर देणे भागच होते.

"विद्यापीठात असते मी."

"म्हणजे शिकवतेस."

"नाही."

"मग त्या प्रयोगशाळेत नळ्या-बिळ्या घेऊन..."

"तेही नाही. शास्त्रज्ञ लोक संगणकावर काम करतात ना, तेव्हा मी त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसते आणि पाहते."

आत्याबाईंनी तुपाची वाटी खाली ठेवली. "आणि नुसते बसण्याचा पगार देतात?"

देतात. मात्र किती दिवस देतात, ते पुढे सांगेन.

आत्याबाईंना जे ताटावर बसून सांगता आले नाही, ते इथे सांगते. आजचा शास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून बसलेला क्वचितच दिसतो. सूक्ष्मदर्शक असो की दुर्बीण, तिने टिपलेले सारे संगणकात जाते आणि शास्त्रज्ञ पडद्यावरच्या आकड्यांकडे व चित्रांकडे पाहत बसतो. ही चित्रे मोजणारे, आकडे चाळणारे सॉफ्टवेअर लिहिते कोण? पुष्कळदा एखादा विद्यार्थी आपल्या प्रबंधापुरते म्हणून ते लिहितो. त्याला स्वतःला कोणते बटण आधी दाबायचे ते ठाऊक असते. प्रबंध संपतो, विद्यार्थी नोकरीला लागतो, आणि ते सॉफ्टवेअर एका प्रयोगशाळेतून दुसरीत असे करत साऱ्या जगभर फिरते. पण कोणते बटण आधी दाबायचे हे ज्ञान काही त्याच्याबरोबर फिरत नाही.

मग गंमती होतात. माणसाच्या शरीरातल्या एका जनुकाचे नाव होते 'मार्च१'. दुसऱ्याचे 'सेप्ट२'. ही नावे एक्सेलच्या तक्त्यात लिहिली, की एक्सेल मोठ्या तत्परतेने पहिल्याची '१ मार्च' आणि दुसऱ्याची '२ सप्टेंबर' अशी तारीख करून टाकी! याविषयी २००४ मध्येच एका शोधनिबंधातून इशारा दिला गेला होता. तरी २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नामांकित नियतकालिकांतले निबंध तपासले, तेव्हा ज्यांना जनुकांच्या एक्सेल याद्या जोडल्या होत्या अशा निबंधांपैकी जवळजवळ एकपंचमांश निबंधांत ही चूक सापडली. सगळे काही आळशी नव्हते. परीक्षकांनी, संपादकांनी तपासूनही ती चूक तशीच छापली गेली होती. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने नावेच बदलली. 'मार्च१'चे 'मार्चएफ१' झाले, 'सेप्ट२'चे 'सेप्टिन२'. टोपीत डोके बसेना म्हणून डोके तासले म्हणतात, त्यातला प्रकार. टोपी सैल करण्याची सोय, म्हणजे हे आपोआप होणारे बदल बंद ठेवण्याची सोय, एक्सेलमध्ये आली ती २०२३ मध्ये.

याच्या उलटही घडलेले आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९७० नंतरच्या वर्षांत एक प्रचंड कणत्वरक उभा राहत होता. जुन्या पद्धतीने गेले असते तर त्याच्या नियंत्रणकक्षात हजारो बटणे आणि खुंट्या बसवाव्या लागल्या असत्या, आणि माणूस त्यांच्यापुढे केवळ पळत राहिला असता. बेंट स्टुंपे या डॅनिश इंजिनिअराने १९७२ मध्ये हाताने लिहिलेले एक टिपण दिले: बटणे काचेवरच उमटवावीत, आणि ज्या वेळी जेवढी लागतील तेवढीच दाखवावीत. १९७६ मध्ये तो त्वरक सुरू झाला तेव्हा त्याचे चालक काचेला बोट लावून तो चालवत होते. तुमच्याआमच्या खिशात स्पर्शाने चालणारे फोन यायला त्यानंतर कितीतरी वर्षे लागली!

या विचारसरणीला 'वापरणाऱ्याला मध्यभागी ठेवून केलेली रचना' असे लांबलचक नाव आहे. कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड नॉर्मन आणि स्टीफन ड्रेपर यांनी संपादित केलेल्या १९८६ च्या ग्रंथामुळे ते रूढ झाले. बँका आणि दुकाने यांनी ते केव्हाच उचलले, कारण गिऱ्हाईक अडखळले की पैसा जातो. शास्त्रज्ञ अडखळला तर कोणाचा पैसा जातो? कोणाचाच लगेच जात नाही. म्हणून विद्यापीठांत ही खुर्ची उशिरा आली.

आता खुर्चीवर बसून करायचे काय, ते सांगते. समोरच्या माणसाला त्याचेच रोजचे काम करायला सांगायचे आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचे. आपण गप्प बसायचे आणि लिहून घ्यायचे. ऐकायला सोपे आहे, पण माझे पहिले दोन महिने फुकट गेले ते याच पायी. कोणी बटण शोधू लागला की माझी जीभ सळसळे आणि मी सांगून टाकी, "ते उजवीकडे वर आहे." त्याचे काम व्हायचे, माझे मात्र बुडायचे! तो ते बटण किती वेळ आणि कुठे शोधतो हेच तर मला पाहायचे होते. शिवाय फार माणसे लागत नाहीत. पाचसहा जणांच्या शेजारी नीट बसले, तर मोठमोठे खड्डे बहुतेक सगळे सापडतात.

मी होते इंग्लंडच्या उत्तरेकडील एका विद्यापीठात. तिथे सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या चित्रांतल्या पेशी मोजणारे एक सॉफ्टवेअर होते. एक पोलिश मुलगी त्यावर पीएचडीचे काम करी. तिच्या संगणकाच्या कडेला पिवळ्या चिठ्ठ्यांची झालर लागलेली होती आणि प्रत्येक चिठ्ठीवर एकच आकडा होता. मी विचारले तर ओशाळून म्हणाली, "मी वेंधळी आहे. माझी मोजणी दर वेळी वेगळी येते. म्हणून लिहून ठेवते."

मी तिच्या शेजारी बसू लागले. किती उजळ ठिपका दिसला म्हणजे त्याला पेशी म्हणायचे, याचा एक आकडा तिला ठरवून द्यावा लागे. चिठ्ठ्यांवर होता तो हाच. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या ध्यानात आले, की चित्रांचा नवा गठ्ठा उघडला रे उघडला की सॉफ्टवेअर तिचा आकडा टाकून देते आणि स्वतःचा घालते. ना घंटा, ना सूचना. तो आकडा दिसायचा तोही दोन खिडक्या आत गेल्यावर. अर्धी मोजणी एका मापाने आणि अर्धी दुसऱ्याच मापाने झालेली! चार महिन्यांचे काम तिला पुन्हा करावे लागले. मी तिला ते दाखवले तेव्हा ती रडली. मला वाटले कामाच्या दुःखाने. पण ती म्हणाली, "म्हणजे मी वेंधळी नव्हते."

दुरुस्ती फार साधी होती. तो आकडा मोजणीच्या डोक्यावर सतत दिसत ठेवायचा आणि निकालाबरोबर साठवायचा. आमच्या प्रोग्रामरने एका दुपारी ते करून टाकले. प्रकल्पाच्या वार्षिक अहवालात मात्र 'मोजणीचा वेग वाढवला' हे आले. हे आले नाही. पुढे शोधनिबंध निघाला. लेखकांत माझे नाव नव्हते. शेवटी ऋणनिर्देशात 'रंगसंगतीच्या सल्ल्याबद्दल' माझे आभार मानले होते. मी त्या सॉफ्टवेअरचा एकही रंग बदलला नव्हता.

रागावून सांगत नाही. पण विद्यापीठाची गोम इथे आहे. तिथे माणूस टिकतो तो निबंधांवर, आणि न झालेल्या चुकीवर निबंध लिहिता येत नाही. पगार येतो प्रकल्पाच्या अनुदानातून. अनुदान तीन वर्षांचे, म्हणून खुर्चीही तीन वर्षांची. मुदत संपत आली की माझ्यासारखीला आणखी एक घोर लागतो, कारण व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेल्यावर व्हिसा आखडून घेतात, आणि मग दुसरी शोधायला साधारण साठ दिवस मिळतात. मी त्या साठ दिवसांत नकाशावर कधी न पाहिलेल्या गावांत मुलाखती दिल्या. आपल्याकडच्या संशोधनसंस्थांत 'प्रोजेक्ट असिस्टंट' म्हणून राबणाऱ्या मुलामुलींना यातले बरेचसे समजावून सांगायला नको.

प्रोग्रामर मंडळींचे थोडे बरे झाले आहे. विद्यापीठांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना पूर्वी धड नावच नव्हते. २०१२ मध्ये ऑक्सफर्डला भरलेल्या एका कार्यशाळेत 'रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर' हे नाव पुढे आले. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये त्यांची रीतसर संस्था झाली. नाव मिळाले तशा जागा निघाल्या, काही कायमच्याही. खुर्चीवाल्यांचे पाऊलही हळूहळू पुढे पडते आहे. केंब्रिजजवळच्या हिंक्स्टन इथल्या युरोपीय जैवमाहिती संस्थेने एन्झाइमविषयीचे आपले माहितीद्वार वापरणाऱ्यांना सोबत घेऊन घडवले आणि ती हकीकत २०१३ मध्ये निबंधरूपाने छापली. अमेरिकेत बर्कलेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत 'स्ट्रुडेल' नावाच्या प्रकल्पात वैज्ञानिक सॉफ्टवेअरसाठी रचनेचे तयार नमुने केले जातात. ज्या तरुणांना या वाटेने यायचे असेल त्यांनी रचनाशास्त्र शिकावे. त्यासाठी मुंबईच्या आयआयटीत १९६९ पासून स्वतंत्र केंद्र आहे. मानसशास्त्र शिकलेलेही या कामात पुष्कळ दिसतात. पदवी कोणतीही असो, तासभर गप्प बसता आले पाहिजे. ते आपल्या मंडळींना जड जाते, असा माझा स्वतःवरून अनुभव आहे.

मी तिथून निघाल्यावर वर्षभराने त्या पोलिश मुलीचे पत्र आले. तिला पीएचडी मिळाली होती. खाली ताजा कलम होता: सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे, पडदा फार मोकळा आणि देखणा झाला आहे, मात्र वरचा तो आकडा काढून टाकला आहे. आपल्या जागी आलेल्या विद्यार्थ्याला तिने पिवळ्या चिठ्ठ्यांचे एक पुडके देऊन ठेवले होते. मी सध्या दुसऱ्या एका विद्यापीठात आहे, अठरा महिन्यांच्या बोलीवर.

हे सगळे आत्याबाईंना कसे सांगणार? जेवणे झाल्यावर त्या फोनवर विजेचे बिल भरायला बसल्या. मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हटले, "मी काही सांगणार नाही. तुम्ही भरा, आणि मनात येईल ते मोठ्याने बोला."

"हे मला या घरात पन्नास वर्षांत कोणी म्हटले नाही," आत्याबाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या. "हे हिरवे बटण दिसते आहे. पण मघाशीही ते दाबले होते. आता पैसे गेले की नाही गेले? पुन्हा दाबले तर दोनदा जातील का? काही लिहीत नाही मेला. जाऊ दे, माझेच डोके चालत नाही."

मी वहीत लिहून घेतले. आत्याबाईंनी वही मागितली, चष्मा लावून सगळे वाचले आणि पेनाने शेवटचे वाक्य खोडले.

"हे त्या वीजवाल्यांना पाठवणार असशील," त्या म्हणाल्या, "तर खाली माझे नाव घाल."