पोलादी भिंतींचे घर

वैशाखातील भर दुपारी पत्र्याच्या छपराखाली बसण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल, त्याला पोलादी भिंतींचे घर ही कल्पनाच असह्य वाटेल. पत्रा उन्हात तापतो, थंडीत गारठतो, आणि त्याच्यावर पावसाच्या सरी कोसळू लागल्या म्हणजे शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. परंतु याच पत्र्याच्या दुसऱ्या रूपाकडे पाहा. एखाद्या आधुनिक शीतगृहात बाहेर ४० अंशांचे ऊन आणि आत ४ अंशांची थंडी असते. आणि या दोहोंच्या मध्ये वीतभरही जाड नसलेली भिंत उभी असते. त्या भिंतीला आतून हात लावा, बाहेरून लावा. दोन्हीकडे पत्राच लागेल. मग छपराच्या पत्र्याला जे साधत नाही, ते या भिंतीला कसे साधते? त्याचे उत्तर दोन पत्र्यांच्या मध्ये दडलेले आहे. त्याच उत्तराच्या आधाराने कारखान्यात भिंती तयार करून जागेवर केवळ घर जुळवण्याची विद्या वाढली आहे. तिची ओळख आपण येथे करून घेऊ.

फलकाची घडण

अशा भिंतीच्या एका तुकड्याला आपण फलक म्हणू. प्रत्येक फलकात दोन पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये एक जाड, हलका गाभा असतो. पत्रे साधारणपणे अर्ध्या मिलिमीटर जाडीचे असून त्यांच्यावर जस्ताचा व रंगाचा थर दिलेला असतो. गाभा पॉलियुरेथेनच्या घट्ट फेसाचा, थर्मोकोलचा किंवा दगड वितळवून काढलेल्या तंतूंच्या खनिज लोकरीचा असतो. यांपैकी पॉलियुरेथेन हा पदार्थ जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली तयार केला. कारखान्यात पत्र्याची दोन भेंडोळी एकावर एक उलगडत जातात. त्यांच्यामध्ये दोन द्रव रसायनांचे मिश्रण ओतले जाते. ते फुगते, घट्ट होते आणि दोन्ही पत्र्यांना चिकटून बसते. मग हवी तेवढी लांबी करवतीने कापून घ्यावयाची. फलकाच्या एका कडेला खोबण आणि दुसऱ्या कडेला तीत बसणारी जीभ असते, म्हणून एक फलक दुसऱ्यात गुंतवीत भिंत पुढे नेता येते.

इतका पातळ पत्रा सुटा उभा केला तर हाताच्या दाबानेही वाकतो. मग भिंत म्हणून तो कसा टिकतो? पुठ्ठ्याच्या खोक्याचा तुकडा वाकवून पाहा. दोन पातळ कागद मधल्या पन्हाळीदार कागदामुळे एकमेकांपासून दूर राहतात, आणि तेवढ्यानेच पुठ्ठा ताठ होतो. फलकावर वाऱ्याचा दाब पडला, की एका बाजूचा पत्रा ताणला जातो आणि दुसऱ्या बाजूचा दाबला जातो. त्यांना एकमेकांवरून सरकू न देण्याचे काम गाभा करतो. सारांश, बळ पोलादाचे आणि अंतर गाभ्याचे, अशी ही कामाची वाटणी आहे.

उष्णतेचा हिशोब

उष्णतेच्या बाबतीतही अशीच वाटणी असते. पदार्थातून उष्णता किती सहज वाहते हे दाखवणाऱ्या अंकास उष्णतावाहकता म्हणतात. नित्याच्या एककात साध्या पोलादाची वाहकता सुमारे ५०, विटांच्या भिंतीची सुमारे ०.७५, आणि पॉलियुरेथेनच्या फेसाची सुमारे ०.०२५ असते. म्हणजे फेसापेक्षा पोलाद २००० पट आणि वीट ३० पट अधिक वाहक आहे. यावरून असे निघते की, ५ सेंटिमीटर फेस जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवण्यास विटांची भिंत दीड मीटर जाड बांधावी लागेल!

फेसाच्या अंगी हा गुण कोठून आला? गोधडीच्या अंगी येतो तेथूनच. स्थिर हवा ही उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे; परंतु मोकळ्या पोकळीत हवा स्थिर राहत नाही. तापलेली वर चढते, गार झालेली खाली येते, आणि या फेऱ्यांत उष्णता पलीकडे पोचते. गोधडीच्या थरांत हवा अडकून पडते, म्हणून ऊब टिकते. फेसामध्येही वायू असंख्य बारीक, बंद कप्प्यांत कोंडलेला असतो. त्याला फिरावयास वावच उरत नाही.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. जुन्या वाड्याची जाड भिंत उष्णता अडवते त्याहून अधिक ती साठवते. दुपारचे ऊन तिच्यातून आत पोचेपर्यंत कित्येक तास जातात. फलकाच्या भिंतीत अशी साठवण नाही. खिडकीतून ऊन आत आले, किंवा चुलीची व माणसांची ऊब कोंडली, तर ते घर लवकर तापते. म्हणून अशा घराला खिडक्यांवर सावली, आणि रात्रीची गार हवा आत घेण्याची सोय या दोन्ही गोष्टी हव्यातच.

सांध्याची परीक्षा

आतापर्यंतचा हिशोब अखंड फलकाचा झाला. पण घर हे एका फलकाचे नसते. आणि फलक जेथे संपतो, तेथे खरी परीक्षा सुरू होते.

समजा, भिंतीत दर ६० सेंटिमीटरवर दीड मिलिमीटर जाडीची एक पोलादी पट्टी आतल्या पत्र्यापासून बाहेरच्या पत्र्यापर्यंत आरपार गेली आहे. भिंतीच्या क्षेत्रफळाचा हा केवळ ४०० वा भाग. परंतु पोलाद २००० पट वाहक असल्यामुळे साध्या गणिताने या पट्ट्यांतून सर्व फेसातून जाते त्याच्या पाचपट उष्णता जाऊ शकते! प्रत्यक्षात आकडा काहीसा बदलतो, पण रोख तोच राहतो. अशा वाटेला उष्णतेचा सेतू म्हणतात. चांगल्या फलकाच्या कडा अशा रीतीने वळवलेल्या असतात की आतला पत्रा बाहेरच्या पत्र्याला कोठेही टेकत नाही.

शाळेत हे सहज पडताळून पाहता येईल. सारख्या मापाचे तीन लहान पत्र्याचे डबे घ्या. एक उघडा ठेवा. दुसरा एका मोठ्या डब्यात ठेवून मधली जागा कापसाने भरा. तिसऱ्याचेही तसेच करा. मात्र मधल्या जागेत दोन्ही डब्यांना घट्ट टेकतील अशा पाच-सहा जाड लोखंडी पट्ट्या अडकवा. शिक्षकांच्या देखरेखीखाली तिन्ही लहान डब्यांत सारखेच गरम पाणी भरा, झाकणे लावा आणि दर दहा मिनिटांनी तापमान लिहून ठेवा. उघड्या डब्यातील पाणी सर्वांत आधी निवेल. पण कापूस तेवढाच असूनही तिसरा डबा दुसऱ्याच्या मागे का पडतो, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच सांगावे.

पाणीही सांध्याचीच वाट पाहत असते. ४० अंशांच्या चढउताराने ३ मीटर लांबीचा पोलादी पत्रा सुमारे दीड मिलिमीटर लांबतो व आखडतो. म्हणून सांध्यातील पट्टी लवचीक असली पाहिजे, नाहीतर काही ऋतूंतच फट पडते. थंड प्रदेशात घरातील दमट हवा या फटीत शिरून गार पत्र्यावर दवासारखी जमते, आणि गंज आतूनच सुरू होतो. जस्त स्वतः झिजून पोलादाचे रक्षण करते. पण पत्रा कापलेल्या कडेला पोलाद उघडे पडते, आणि कोकणासारख्या खाऱ्या वाऱ्याच्या प्रदेशात गंज प्रथम तेथेच धरतो.

वजन, वारा आणि आग

५ सेंटिमीटर जाडीच्या अशा फलकाचे वजन दर चौरस मीटरला साधारण १० किलोग्रॅम भरते. २३ सेंटिमीटर जाडीच्या विटांच्या भिंतीचे ४०० किलोग्रॅमहून अधिक. हा फरक केवळ वाहतुकीपुरता नाही. भूकंपात घरावर येणारा जोर त्याच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे दगावली, ती प्रामुख्याने जाड दगडी भिंती आणि जड माळवदे अंगावर कोसळल्यामुळे. तेथे हलक्या भिंतीचे मोल कळते. परंतु जे घर भूकंपात तरते, ते वादळात उडूही शकते. म्हणून त्याचा सांगाडा पायाच्या काँक्रीटमध्ये पुरलेल्या बोल्टांनी जखडलेला असावा लागतो.

सर्वांत मोठे भय आगीचे. पोलाद जळत नाही, हे खरे. पण पॉलियुरेथेन जळते, आणि जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू बाहेर पडतात. सांधे उघडले, की ज्वाळा पत्र्याच्या आड, कोणाला न दिसता पसरतात. जानेवारी २००८ मध्ये दक्षिण कोरियातील इचॉन येथे बांधकाम चालू असलेल्या शीतगृहात आग लागून ४० जण मृत्यू पावले. फेसाच्या या आवरणामुळे आग व विषारी धूर झपाट्याने पसरला होता. खनिज लोकर जळत नाही. मात्र तिची वाहकता ०.०४ च्या आसपास असल्यामुळे ५ सेंटिमीटर फेसाच्या जागी ती ८ सेंटिमीटर घालावी लागते, आणि फलक जड व महाग होतो. माणसे जेथे झोपतात, तेथे हे ३ सेंटिमीटर वाचवावेत की नाही, याचा निर्णय केवळ किमतीवर सोपवणे बरे नव्हे.

ओहायोतील घरे

भिंत निर्दोष झाली म्हणजे घरांचा प्रश्न सुटला, असे मात्र नाही. याचा धडा अमेरिकेतील ओहायो राज्यात मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे परतलेल्या लक्षावधी सैनिकांना राहावयास घरे नव्हती. कार्ल स्ट्रँडलंड या उद्योजकाने कोलंबस शहरातील एका जुन्या विमान-कारखान्यात पोलादी घरे तयार करण्याचे ठरवले आणि सरकारी वित्तसंस्थेने त्याला एकंदर सुमारे पावणेचार कोटी डॉलर कर्जाऊ दिले. ‘लस्ट्रॉन’ नावाच्या या घरात आजच्यासारखा पत्र्यांना चिकटलेला गाभा नव्हता. पोलादी सांगाड्यावर सुमारे ६० सेंटिमीटरचे चौकोनी पत्रे बसवीत. त्यांवर आपल्याकडील इनॅमलच्या ताटल्यांवर असतो तसा मुलामा असे. सांध्यांत प्लॅस्टिकची पट्टी आणि भिंतीच्या पोटात काचतंतूंची लोकर असे. छप्परही त्याच मुलाम्याच्या पत्र्याचे. रंग देणे नको, वाळवीचे भय नको. फक्त भिंतीला खिळा ठोकता येत नसे, म्हणून तसबिरी लोहचुंबकाने लावीत.

घर उत्तम होते. कित्येक घरे आजही उभी आहेत. पण दिवसाला १०० घरांची योजना असताना, १९४८ ते १९५० या काळात सगळी मिळून सुमारे २५०० घरेच बाहेर पडली, आणि १९५० साली कंपनी बुडाली. दोष पत्र्यात नव्हता. प्रत्येक गावाचे बांधकामाचे नियम निराळे, आणि त्यांत पोलादी भिंतीला जागा नव्हती. सावकारी संस्था बांधकाम जसे वर येईल तसे कर्ज देत. येथे तर सबंध घर एका गाडीतून एकदम येई आणि त्याचे पैसे आधीच भरावे लागत. जमीन, पाया, पाणी व गटारे यांचा खर्च कारखान्यात कमी होण्यासारखा नव्हताच. म्हणजे येथेही फलक टिकले, सांधे सुटले. फक्त ते सांधे कारखाना आणि गाव यांच्यामधले होते.

आपल्या देशात

आपल्याकडे कारखान्यांची कार्यालये, बांधकामावरील तात्पुरत्या वसाहती आणि शीतगृहे यांत पोलादी फलक आता परिचयाचा झाला आहे. वस्तीच्या घरांसाठी त्याच तत्त्वाची निराळी रूपे वापरून पाहिली जात आहेत. जानेवारी २०२१ मध्ये सहा शहरांत नव्या बांधकाम-पद्धतींच्या घरांची पायाभरणी झाली. त्यांपैकी इंदूर येथील १०२४ घरांसाठी पोलादी सांगाडा आणि सिमेंट-तंतूंच्या दोन तक्त्यांमध्ये थर्मोकोलचे मणी मिसळलेले काँक्रीट भरलेले फलक निवडले गेले. आगरतळ्यात हलक्या पोलादी चौकटींची पद्धत निवडली गेली. पत्र्याच्या जागी तक्ता आला, फेसाच्या जागी हलके काँक्रीट आले. परंतु दोन कठीण अंगे आणि मध्ये हलका गाभा, ही घडण तीच राहिली.

ही घरे पाहावयास जाणाऱ्याने भिंतीच्या मधोमध हात ठेवून समाधान मानू नये. खिडकीची चौकट भिंतीला जेथे भिडते तेथे पाहावे. कोपऱ्यातील पट्टी दाबून पाहावी. नळ आणि विजेची तार ज्या भोकातून आत येतात, ते कशाने बुजवले आहे हे विचारावे. आणि आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट कोणती, हेही विचारावे. फलक कारखान्यात होतो आणि त्याची पारख तेथील यंत्रे करतात. सांधा मात्र जागेवर, उन्हापावसात, कामगाराच्या हातून होतो. त्या हातांना शिक्षण, पुरेसा वेळ आणि योग्य मोबदला मिळाला, तरच पत्र्याची भिंत ही कोणाच्या तरी घराची भिंत होईल.